चालण्याचे यंत्र आणि चालण्याचे शिक्षण

निवृत्त माणसांच्या घरी अलीकडे एक नवी वस्तू दिसू लागली आहे. पूर्वी ज्या कोपऱ्यात शिवणयंत्र किंवा पुस्तकांचे कपाट असे, तेथे आता ट्रेडमिल असते. मुलाने वडिलांच्या पंचाहत्तरीला ती दिलेली असते, किंवा परदेशी असलेल्या मुलीने आईच्या तपासणीचा अहवाल वाचून तेथूनच पैसे भरून घरपोच पाठविलेली असते. यांपैकी कित्येक यंत्रांवर सहा महिन्यांच्या आत टॉवेल वाळू लागतात. हा विनोदी लेखकांचा विषय आहे आणि तो त्यांच्याकडेच राहू द्यावा. जी वृद्ध माणसे या यंत्रावर खरोखरच रोज चालतात, त्यांना त्यावर चालावयास कोणी शिकविले आहे काय, एवढाच प्रश्न मला येथे विचारावयाचा आहे.

चालावयास शिकवायचे म्हणजे काय, असे कोणी म्हणेल. वयाच्या पहिल्या वर्षी शिकलेली गोष्ट सत्तराव्या वर्षी पुन्हा शिकावी लागते काय? हा प्रश्न मीही विचारला होता, आणि त्याचे उत्तर मला गुडघा फोडून घेऊन मिळाले. तो प्रकार पुढे सांगतो. त्याआधी हे यंत्र आपल्या घरांत शिरले कसे, ते पाहिले पाहिजे.

डॉक्टर 'रोज चाला' असे सांगतात. ते सांगणे सोपे आहे, कारण डॉक्टरांना त्या रस्त्यावरून चालावयाचे नसते. भारतीय रस्ते परिषदेने २०१२ साली पादचाऱ्यांच्या सोयींविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत वस्तीतील पदपथाची निखळ रुंदी किमान १.८ मीटर असावी आणि त्याची कड १५ सेंटिमीटरहून उंच नसावी, असे म्हटले आहे. आपल्या घरासमोरचा पदपथ वाचकांनी एकदा या मापाने मोजून पाहावा. जेथे पदपथ आहे तेथे त्यावर दुचाकी उभ्या असतात, विजेच्या पेट्या असतात, उखडलेले पेव्हर ब्लॉक असतात. दर वीस पावलांवर कोणाच्या तरी फाटकासाठी तो खाली उतरतो आणि पुन्हा वर चढतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हा चढउतार टाळण्यासाठी रस्त्यावरूनच चालावे लागते. केंद्रीय वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होती. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळाविरहित पदपथ हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. निकाल स्वागतार्ह आहे. परंतु निकालावरून चालता येत नाही. सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थाने अशा स्थितीत घरातल्या घरात चालण्याचा मार्ग पत्करला, तर त्याला ऐदी किंवा चैनी म्हणण्याचे कारण नाही. पावसाळ्याच्या चार महिन्यांत आणि एप्रिल-मेच्या उन्हात तर त्याला दुसरा मार्गही नसतो.

या यंत्राचा पूर्वेतिहास मोठा विलक्षण आहे. १८१८ च्या सुमारास विल्यम क्यूबिट या इंग्रज अभियंत्याने तुरुंगातील कैद्यांना कामास लावण्यासाठी पायऱ्यांचे एक प्रचंड फिरते चाक बनविले, आणि त्यालाच 'ट्रेडमिल' हे नाव पडले. कैद्याने तासन्‌तास पायऱ्या चढावयाच्या आणि तरीही जागच्या जागी राहावयाचे, अशी ती शिक्षा होती. मराठी वाचकाला अंदमानच्या कोलूची आठवण यावी, असाच हा प्रकार. १८९५ साली ऑस्कर वाइल्डलाही ती भोगावी लागली. १८९८ च्या कायद्याने इंग्लंडने ती बंद केली. पुढे १९५२ च्या सुमारास अमेरिकेत सिॲटल येथे रॉबर्ट ब्रूस या हृदयरोगतज्ज्ञाने फिरत्या पट्ट्यावर रुग्णाला चालवीत त्याच्या हृदयाचा आलेख घेण्याची पद्धत सुरू केली. आपल्याकडे तिला 'टीएमटी' म्हणतात. (ठाणेकरांना या अक्षरांनी आधी आपली बसच आठवते, ही गोष्ट वेगळी.) घरगुती वापराचे यंत्र मात्र विल्यम स्टॉब या न्यू जर्सीच्या अभियंत्याने १९६८ नंतर बाजारात आणले. तो २०१२ साली ९६ व्या वर्षी वारला आणि उतारवयातही स्वतःच्या यंत्रावर चालत असे.

या इतिहासात एक गोष्ट नजरेतून निसटते. रुग्णालयातील त्या चाचणीत पट्टा पहिली तीन मिनिटे ताशी अवघे २.७ किलोमीटर वेगाने, अर्थात चढावर, फिरतो. मग दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढत जातो. रुग्णाच्या छातीला तारा जोडलेल्या असतात. शेजारी तंत्रज्ञ उभा असतो, डॉक्टर आलेखावर नजर ठेवून असतात, आणि चेहरा जरा उतरलेला दिसला तरी यंत्र थांबविले जाते. तेच यंत्र घरी आले तेव्हा तंत्रज्ञ आणि डॉक्टर रुग्णालयातच राहिले. घरी आला तो केवळ पट्टा.

आता माझी गोष्ट. आमच्या घरी यंत्र आले तेव्हा दुकानाचा माणूस ते जोडून देण्यास आला होता. त्याने माझ्या मुलाला सर्व कळा समजावून सांगितल्या, गाणी कशी लावावयाची तेही दाखविले, आणि कागदावर सही घेऊन तो निघून गेला. यंत्र वापरणार होतो मी, आणि मी त्या वेळी त्याच्यासाठी चहा सांगण्यास स्वयंपाकघरात गेलो होतो. यंत्राबरोबर एक लाल दोरी येते. तिचे एक टोक यंत्रात बसते आणि दुसऱ्या टोकाचा चिमटा सदऱ्याला लावावयाचा असतो. माणूस पडला किंवा मागे सरकला की दोरी ओढली जाऊन पट्टा थांबतो. आमच्याकडे ती हरवू नये म्हणून यंत्रालाच चिकटपट्टीने डकवून ठेवली होती. पाचव्या दिवशी चालता चालता दूरध्वनी वाजला. मी पट्टा न थांबविता दोन्ही पाय कडेच्या पट्ट्यांवर ठेवून उतरलो, बोललो, आणि परत येऊन शिक्षकी पेशातील सवयीने विचारात गढलेला असा सरळ फिरत्या पट्ट्यावर पाय ठेवला. पुढचे मला नीट आठवत नाही. यंत्राची पाठ भिंतीला लागूनच होती. पट्ट्याने मला मागे नेले, भिंतीने अडविले, आणि पट्टा माझ्या गुडघ्यावरून फिरतच राहिला. सौभाग्यवतींनी भिंतीतील बटण बंद केले म्हणून एवढ्यावरच निभावले.

दोष माझा होता, हे मी नाकारीत नाही. परंतु यंत्रामागे सुमारे दोन मीटर जागा मोकळी असावी, ही गोष्ट त्या दिवसापर्यंत आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हती. त्यानंतर मी अनेक परिचितांकडे मुद्दाम यंत्र पाहावयास गेलो. बहुतेक ठिकाणी ते भिंतीला, कपाटाला किंवा पलंगाला पाठ लावून उभे होते. दोन ठिकाणी तर मागे गच्चीचे काचेचे दार होते.

यंत्रावरचे चालणे हे रस्त्यावरच्या चालण्याहून निराळे आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. रस्त्यावर वेग आपण ठरवितो. थकलो की पाय आपोआप मंदावतो. येथे वेग पट्टा ठरवितो आणि मंदावलेल्या पायाला तो मागे नेतो. रस्त्यावर झाडे, घरे, माणसे मागे सरकताना दिसतात आणि त्यावरून मेंदूला आपल्या गतीचा अंदाज येतो. येथे पाय चालतात, पण समोरची भिंत जागेवरच असते. त्यामुळे नवख्या वृद्धाची पावले आखूड आणि घाईची पडतात, अंग आखडते आणि हात दांडीला घट्ट धरले जातात. यंत्रावरून उतरल्यावर क्षणभर जमीनच चालू लागल्यासारखी वाटते, त्याचेही कारण हेच. हे सर्व सवयीने कमी होते. परंतु तरुणाला ज्या सवयीस एक बैठक पुरते, तिला वृद्धास कित्येक बैठका लागतात. म्हणून पहिला आठवडा हा व्यायामाचा न मानता शिकण्याचा मानावा. घरातील कोणी तरी शेजारी असावे. दोन्ही पाय कडेच्या स्थिर पट्ट्यांवर ठेवून, दोरी सदऱ्याला अडकवून, पट्टा सर्वांत कमी वेगाने सुरू करावा आणि मगच त्यावर पाऊल टाकावे. ताशी दीड ते दोन किलोमीटर हा वेग प्रारंभी हास्यास्पद वाटतो. तो तसा वाटू द्यावा. पुढे साडेतीन-चार किलोमीटरपर्यंत जाता आले तर बहुतेकांस ते पुरेसे होते. काही यंत्रांवरचे आकडे मैलांचे असतात, याकडेही लक्ष हवे. तेथे '३' म्हणजे जवळजवळ पाच किलोमीटर होतात, आणि 'तीनच तर आहे' म्हणून चालणारा मनुष्य धापा टाकू लागतो.

दांडी धरावी की धरू नये, हा वादाचा मुद्दा आहे. ज्याचा तोल जातो त्याने ती अवश्य धरावी; पडण्यापेक्षा धरणे केव्हाही बरे. परंतु दांडीवर अंगाचा भार टाकून चालले की पायांचे व हृदयाचे काम हलके होते, आणि यंत्र मात्र पूर्ण वेगाचा हिशेब दाखवीत राहते. चढ लावून दांडीला लोंबकळणारी मंडळी मी पाहिली आहेत. त्यांच्या व्यायामाचा बराचसा भाग त्या दांडीच्याच वाट्याला जात असावा. वेग कमी करून बोटांचा केवळ आधार घ्यावा, आणि जमेल तसा एकेक हात सोडून हलवावा, हा मध्यम मार्ग. श्रम वाढवावयाचे झाल्यास वेग वाढविण्यापेक्षा एक-दोन टक्के चढ देणे वृद्धास अधिक सुरक्षित असते. मात्र टाच किंवा कंबर दुखत असेल त्याने तेही जपून करावे.

बारीकसारीक गोष्टींनीच माणसे पडतात. घरातल्या सपाता घालून किंवा अनवाणी यंत्रावर चढू नये; मधुमेहाने पायांची जाणीव कमी झालेल्यांनी तर मुळीच नाही, कारण घासून निघालेली कातडी त्यांना कळतही नाही. लुंगी, धोतर, सैल पायजमा, लोंबता पदर, ओढणी हे सर्व पट्ट्याच्या जवळ नको. दुहेरी काचांचा चष्मा असलेल्याने खाली पाहिले की वाचनाच्या काचेतून पट्टा अंधुक दिसतो. तेव्हा नजर समोर ठेवावी. वीज अचानक गेली तर पट्टा झटकन थांबतो, आणि वीज जाणे हा प्रकार महाराष्ट्रात काही दुर्मीळ नाही. हल्ली दांडीच नसलेले, पलंगाखाली सरकविता येणारे चपटे पट्टे विकले जात आहेत. तरुणांनी त्यांचे काय करावे ते करावे. साठीनंतर ते घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

नाडीच्या आकड्यावर विसंबून राहण्याची सवयही तपासून पाहिली पाहिजे. २२० मधून वय वजा करण्याचे सूत्र सर्वांस पाठ असते. परंतु रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल यांसारखी औषधे घेणाऱ्यांची नाडी श्रम करूनही फारशी वाढत नाही. ती वाढावी म्हणून वेग वाढवीत जाणे धोक्याचे आहे. त्याहून जुनी आणि खात्रीची कसोटी श्वासाची. चालताना शेजारच्याशी दोन वाक्ये बोलता यावीत, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा दम लागला म्हणजे श्रम मध्यम झाले. छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, चक्कर, नेहमीपेक्षा अधिक दम यांपैकी काहीही जाणवले तर 'एवढी पाच मिनिटे पुरी करू' हा बाणेदारपणा दाखवू नये. शेवटची पाच मिनिटे वेग उतरवीत आणावा. एकदम थांबल्यास पायांत उतरलेले रक्त वर यावयास वेळ लागतो आणि घेरी येते. रक्तदाबाच्या व प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी ती अधिक येते. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी चालण्याविषयी आपल्या डॉक्टरांस आधी विचारावे.

किती चालावे? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम सुचविले आहेत. दिवसास दहा-दहा मिनिटांच्या दोन-तीन फेऱ्यांनी हा हिशेब जमतो. दहा हजार पावलांचा जो धाक अनेकांच्या मनात बसला आहे, तो १९६५ च्या सुमारास जपानात विकावयास आलेल्या पावले मोजणाऱ्या एका उपकरणाच्या नावातून आला. त्यामागे वैद्यकीय संशोधन नव्हते. २०१९ साली सरासरी ७२ वर्षे वयाच्या सुमारे सतरा हजार अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसास २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले, आणि ७,५०० च्या पुढे अधिक लाभ दिसला नाही. आपल्या घरातील आजीची शतपावली ज्यांनी जुनाट ठरविली होती, त्यांनी हे आकडे पाहावेत.

तथापि, इतके सर्व पाळूनही यंत्र एक गोष्ट देऊ शकत नाही. पट्ट्यावर वळण नसते. दगड नसतो. समोरून येणारा सायकलस्वार नसतो, आणि घरगुती यंत्रावर बहुधा उतारही नसतो. जिना उतरताना मांडीचे स्नायू शरीराला आवरून धरतात; ते काम पट्ट्यावर कधी पडतच नाही. २०१६ साली 'लॅन्सेट'मध्ये पाच देशांतील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वारंवार पडणाऱ्या, ६० ते ९० वयाच्या ३०२ व्यक्ती त्यांत होत्या. कंपवाताचे रुग्णही बरेच होते. सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, सर्वांना ट्रेडमिलवर चालविण्यात आले. निम्म्यांच्या समोर मात्र पडदा होता. त्यावर त्यांचीच पावले दिसत आणि वाटेत अडथळे येत. ते ओलांडीत, चुकवीत त्यांना चालावे लागे. पुढील सहा महिन्यांत या गटातील पडण्याचे प्रमाण सुमारे बारावरून सहावर आले. केवळ पट्ट्यावर चाललेल्यांत ते जवळजवळ अकरावरून आठवरच उतरले, आणि ही घट निश्चित म्हणता येण्याजोगी नव्हती. याचा अर्थ एवढाच की चालणे ही जितकी पायांची तितकीच लक्ष देण्याची क्रिया आहे. आमच्या पदपथांवर ते अडथळे फुकट उपलब्ध आहेत, असे कोणी उपहासाने म्हणेल. पण पडद्यावरच्या खड्ड्यात पाय गेला तर हाड मोडत नाही, हा फरक आहे.

म्हणून आठवड्यातून निदान तीन दिवस तोल सांभाळण्याचे आणि बळ वाढविण्याचे व्यायाम करावेत, असेही जागतिक आरोग्य संघटनेने याच सूचनांत म्हटले आहे. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठावे, ओट्याला धरून एका पायावर उभे राहावे, कठडा धरून एक मजला सावकाश उतरावा. यास यंत्र लागत नाही, आणि म्हणूनच बहुधा ते कोणी भेट देत नाही.

दोन गोष्टींचा उल्लेख राहिला. यंत्र आणले जाते दोघांसाठी; परंतु बहुतेक घरांत ते आजोबांचे होते. आजींना 'घरकामात होतेच की चालणे' असे सांगितले जाते. ओट्यापासून देवघरापर्यंतच्या येरझारांनी श्वास मध्यम श्रमाइतका वाढत नाही. शिवाय पातळ सावरीत पट्ट्यावर चढण्याचा त्यांना संकोच वाटतो, आणि सलवार-कुडता घेऊन देण्याचे कोणाला सुचत नाही. दुसरी गोष्ट नातवंडांची. २०२१ साली अमेरिकेत एका कंपनीला सुमारे सव्वा लाख ट्रेडमिल परत घ्याव्या लागल्या. मोठी माणसे जवळपास असतानाही मुले पट्ट्याखाली ओढली गेल्याच्या अनेक तक्रारी होत्या आणि सहा वर्षांचे एक मूल त्यात दगावले होते. चालणे झाल्यावर ती लाल दोरी काढून कपाटात ठेवावी आणि भिंतीतील बटण बंद करावे.

हे सर्व जाणून घेण्यास मला एक जखम आणि वर्षभराचे वाचन लागले. वास्तविक ते अर्ध्या तासात सांगता येते. विक्रेत्याने यंत्र जोडून दिल्यावर ज्याला ते वापरावयाचे आहे त्याला दहा मिनिटे त्यावर चालवून दाखवावे, आणि सूचनांचा कागद मोठ्या अक्षरांत मराठीतून द्यावा, ही मागणी अवास्तव नाही. औषधाच्या बाटलीवर मात्रा लिहिलेली असते. नगरपालिकांची विरंगुळा केंद्रे आहेत, ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. तेथे भौतिकोपचार महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी महिन्यातून एकदा येऊन दहा-वीस वृद्धांचा तोल तपासावा आणि त्यांना यंत्रावर उभे राहावयास शिकवावे. विद्यार्थ्यांचे शिक्षण होईल आणि केंद्राला कॅरमपलीकडे काही काम मिळेल.

आणि पदपथांचा तगादा चालूच ठेवला पाहिजे. यंत्र घरी आले म्हणून महापालिकेकडे जाणारे अर्ज थांबू नयेत. आमच्या संघाने गल्लीतील चारशे मीटर पदपथाची मापे घेतली. त्यांत १.८ मीटरची निखळ रुंदी सलग अशी कोठेच मिळाली नाही. फाटकांचे उतार मोजले ते बावीस भरले. ती मापे प्रभाग कार्यालयात दिली असून पोचही घेतली आहे. मी स्वतः आता आठवड्यातून चार सकाळी यंत्रावर चालतो, दोरी अडकवून, आणि यंत्र खोलीच्या मध्यभागी आहे. उरलेल्या दोन संध्याकाळी काठी घेऊन रस्त्यावर जातो. भाजी आणावयाचीच असते.